सुईणीचा कान, सुईणीचा हट्ट

बाळंतपणाची बातमी आली की आपल्याकडे मुलगा की मुलगी याच्या पाठोपाठ पुढचा प्रश्न ठरलेला: ‘नॉर्मल की सिझर?’ उत्तर ‘नॉर्मल’ आलं की विचारणाऱ्याला जरा जास्तच समाधान वाटतं. ब्रिटनमधल्या सुईणींच्या एका पिढीचंही असंच झालं होतं. फरक इतकाच, की त्यांच्या समाधानामागे शास्त्राचा बऱ्यापैकी भक्कम आधार होता.

तिथली मिडवाइफ म्हणजे रीतसर नोंदणी झालेली, पदवीधर सुईण. नोंदणीचा पहिला कायदा १९०२ सालचा. गुंतागुंत नसलेलं बाळंतपण ती स्वतःच्या जबाबदारीवर करते आणि डॉक्टरला कधी बोलवायचं हेही बहुतेक वेळा तीच ठरवते. कळा सुरू झाल्या की बाईच्या शरीराला वेळ द्यावा, कारण नसताना हात घालू नये, ही या पेशाची जुनी धारणा.

ती भाबडी नाही. बाळाचं डोकं खाली सरकून गर्भपिशवीच्या तोंडावर दाब पडला की तिथून मेंदूला संदेश जातो, ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आणखी पाझरतं, पुढची कळ जोराची येते आणि डोकं अजून खाली येतं. भीती वाटली, ॲड्रेनलिन वाढलं, की कळा मंदावू शकतात. म्हणून शांत खोली, ओळखीचं माणूस, हिंडण्याफिरण्याची मोकळीक. २०१७ साली २६ चाचण्यांमधल्या सुमारे १५,८०० बायकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर शेवटपर्यंत कुणीतरी सोबतीला असलेल्या बायकांमध्ये सिझर कमी झालेलं आणि कळांचा काळही थोडा आखडलेला दिसला. नुसत्या सोबतीचा हा परिणाम! असं औषध कुठल्या कंपनीने काढलं असतं तर त्याची जाहिरात घरोघरी पोचली असती.

थांबण्याच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली ५०० पहिलटकरणींच्या नोंदींवरून पिशवीचं तोंड किती वेगाने उघडतं याचा आलेख काढला. त्याच धर्तीवर पुढे ‘तासाला एक सेंटिमीटर’ हा दंडक रुळला आणि त्यात मागे पडलेल्या बाईला सलाइनमधून कळा वाढवायचं औषध लागू लागलं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की हा वेग अनेक निरोगी बायकांना लागूच पडत नाही. पाच सेंटिमीटरपर्यंतचा प्रवास तर फारच सावकाश होऊ शकतो. आई आणि बाळ ठीक असतील, तर केवळ घड्याळाकडे बघून ढवळाढवळ करू नये.

या वाक्यातली ‘ठीक असतील तर’ ही अट पाळणं हे सुईणीचं खरं कसब. कळ ओसरली की लगेच ती पोटावर बाळाचे ठोके ऐकवणारं डॉप्लर यंत्र लावते, किंवा जुन्या वळणाची असेल तर लाकडी नळकांडं टेकवून त्याला कान लावते, आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. सुरुवातीला दर १५ मिनिटांनी, बाई जोर करू लागली की दर ५ मिनिटांनी. दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर, कारण आईची नाडी बाळाचा ठोका म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. कळ ओसरल्यानंतरच का ऐकायचं? कळेच्या वेळी गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं रक्त थोडा वेळ कमी होतं. धडधाकट बाळ ते सोसतं. पण कळ गेल्यावरही ठोके खालीच राहत असतील, तर बाळाला प्राणवायू कमी पडत असल्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरला हाक मारायची.

ही हाक मारणं म्हणजे हार, असं वाटू लागलं की काय होतं ते इंग्लंडमध्ये बॅरो गावच्या फर्नेस जनरल हॉस्पिटलात दिसलं. बिल कर्कप यांच्या समितीने २००४ ते २०१३ या काळातल्या प्रसूती तपासून मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. वेगळे उपचार झाले असते तर ११ बाळं आणि एक आई वाचण्याची शक्यता होती. तिथल्या काही वजनदार सुईणी ‘कोणत्याही किमतीवर’ नैसर्गिक बाळंतपणाच्या मागे लागल्या होत्या. त्या गटाला ‘मस्केटिअर्स’ म्हटलं जाई. अर्थात दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता: डॉक्टर आणि सुईणी यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि व्यवस्थापनाने आलेल्या तक्रारींकडे काणाडोळा केला होता. सुईणींच्या संघटनेने २००५ साली सुरू केलेली ‘नॉर्मल बर्थ’ मोहीम अखेर २०१७ साली गुंडाळली.

म्हणून सुईणींवरच काट मारायची का? २०११ साली इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या ६४,००० हून अधिक बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुईणींनी चालवलेल्या केंद्रांत बाळांना अधिक धोका आढळला नाही, आणि आयांवरचे उपचार मात्र कमी झाले. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींचं चित्र वेगळं होतं. बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण इस्पितळात हजारी ५.३ होतं, तर त्यांच्यात ९.३ आणि दर १०० पैकी ४५ जणींना इस्पितळात हलवावं लागलं. दुसरेपणाला हा फरक दिसला नाही.

आपल्या शेजारच्या तेलंगणात उलटी परिस्थिती आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिथलं सिझरचं प्रमाण ६०.७ टक्के निघालं, खासगी इस्पितळांत तर ८० च्या वर. महाराष्ट्रात एकूण २५.४. तेलंगणाने २०१७ पासून परिचारिकांना सुईणपणाचं खास शिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि २०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारने १८ महिन्यांच्या अशा अभ्यासक्रमाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. या सुईणींची केंद्रं मोठ्या इस्पितळांना जोडलेली असावीत, ही त्यातली मला सर्वात शहाणी वाटलेली गोष्ट. धास्ती वाटते ती टक्केवारीची. सुईण बसवली म्हणजे सिझर इतक्या टक्क्यांनी उतरलंच पाहिजे, असं वर्षाअखेरी विचारलं गेलं, तर डॉक्टरला हाक मारताना तिचा आवाज चाचरणार. इंग्लंडच्या आरोग्य सेवेने फेब्रुवारी २०२२ मध्ये इस्पितळांना कळवलं, की सिझरची टक्केवारी हा कामगिरीचा मापदंड म्हणून वापरणं बंद करा.