झडप दुरुस्त झाली, ठोक्यांचे काय?

लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, बरेही वाटते. पण हा संधिवाताचा ताप असेल तर तो हृदयाच्या झडपांवर व्रण ठेवून जाऊ शकतो. पुढे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप अरुंद होते, मागे रक्त तुंबते आणि डावी कर्णिका, म्हणजे वरचा कप्पा, फुगत जाते. ताणलेल्या भिंतीत विजेचे संदेश मिनिटाला ३५० हून अधिक वेळा भरकटतात. कर्णिका आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरते. मनगटावर बोट ठेवले तर दोन ठोक्यांतले अंतर सारखे लागत नाही. थरथरत्या कर्णिकेच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साकळते, आणि तीच गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू.

शल्यचिकित्सक कितीतरी वर्षे झडप दुरुस्त करत आणि ठोके गोळ्यांवर सोडत. १९८०च्या सुमारास जेम्स कॉक्स यांनी डावी कर्णिका विजेच्या दृष्टीने वेगळी पाडली. १९८५मध्ये जेरार्ड गिरोदों यांनी संदेशासाठी कर्णिकेत एक 'कॉरिडॉर', म्हणजे वेगळी पट्टी, राखला. नाडी नियमित झाली, पण कर्णिकेची थरथर तशीच राहिली, म्हणजे गुठळीचा धोकाही राहिला.

२५ सप्टेंबर १९८७ला अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या बार्न्स रुग्णालयात कॉक्स यांनी 'मेझ' शस्त्रक्रिया केली. मेझ म्हणजे भूलभुलैया. कर्णिकेला ठरावीक रेषांवर कापून पुन्हा शिवायचे. व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे भरकटलेला संदेश अडतो आणि खरा संदेश उरलेल्या वाटेने पोहोचतो. मला यातली कल्पकता आजही थक्क करते. मात्र टाके फार, वेळ फार, म्हणून ती मोजक्याच हातांत राहिली. २००२मध्ये राल्फ डॅमियानो यांनी बहुतेक छेदांऐवजी रेडिओ लहरींची उष्णता आणि अतिशीत उपकरणे वापरली, आणि झडपेच्या शस्त्रक्रियेतच ही जोड देणे सोपे झाले.

२०१५मध्ये मायट्रल झडपेच्या २६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी आणि वर्षाने, दोन्ही वेळा ठोके नियमित असलेले रुग्ण जोड-उपचाराच्या गटात ६३ टक्के होते, नुसत्या झडपेच्या गटात २९ टक्के. याची किंमतही होती. पेसमेकर बसवावा लागलेल्यांचे प्रमाण अडीचपटीहून जास्त होते, आणि वर्षभरातल्या मृत्यूंत फरक दिसला नाही.

आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेले रुग्ण उशिरा पोहोचतात. तोवर कर्णिका फार फुगलेली असते, तिथे मेझचे यश घटते. धातूची झडप बसवली, तर ठोके सुधारले तरी रक्त पातळ करणारी गोळी आणि आयएनआरची (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी) तपासणी सुटत नाही.