ओल्या लाकडाने सरपण वाचतं का?

"बंबात ओली बाभूळ घाला, सावकाश जळते, सरपण वाचतं." सोलापुरात हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. सावकाश जळते हे खरंच, म्हणून तो पटतोही. सरपण मात्र वाचत नाही.

ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. जाळ आधी ते पाणी उडवतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात आंघोळीचं पंचवीसेक लिटर पाणी २० अंशांनी तापलं असतं. ही उष्णता वाफेबरोबर धुराड्यातून जाते. शिवाय जाळ मंद, म्हणून धूर जास्त आणि नळीत चिकट काजळी.

पडताळायचंय? एकाच झाडाचं ओलं लाकूड तोलून दोन सारखे भाग करा. एक या थंडीत जाळा. दुसरा आपल्या उन्हाळ्यात वाळवा, पावसाळ्यात झाका आणि पुढच्या थंडीत जाळा, म्हणजे नळाचं पाणी साधारण तितकंच गार असेल. किती बादल्या तापल्या ते मोजा. वजनाला हलका झालेला भागच जास्त बादल्या देईल.

इतकं थांबायचं नसेल तर जळत्या ढलपीचं टोक बघा. तिथे फेस येऊन सूं-सूं आवाज होत असेल तर लाकूड ओलं आहे.

बंब मात्र अंगणातच पेटवा. बंद न्हाणीघरात वाळक्या लाकडाचाही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो.