मिल्लत : ज्याचा धर्म, त्याचा कारभार

इस्तंबूलच्या फेनेर भागात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठ आहे. त्याचा मधला दरवाजा १८२१ पासून बंद आहे. ये-जा बाजूच्या दारांतून चालते. त्या वर्षी ग्रीकांनी उठाव केला आणि ऑटोमन सुलतान महमूद दुसरा याने धर्मप्रमुख ग्रेगरी पाचवे यांना ईस्टरच्या दिवशी याच दरवाजात फासावर लटकवलं. खरं तर ग्रेगरींनी बंडखोरांना बहिष्कृत केलं होतं. पण त्यांचा समाज बंडाला उठला, म्हणजे जाब त्यांनीच द्यायचा!

ही जबाबदारी जुनी. ऑटोमन साम्राज्यात धर्मावरून ओळखला जाणारा समाज म्हणजे ‘मिल्लत’. आपला अंतर्गत कारभार तो स्वतः पाही आणि सुलतानापुढे त्याचा धर्मप्रमुख जबाबदार असे. १४५३ मध्ये मेहमेद दुसरा याने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, तेव्हा शहर निम्मंशिम्मं ओस पडलेलं होतं. ते पुन्हा वसवायचं तर ख्रिस्ती रयत हवी होती. १४५४ च्या जानेवारीत त्याने गेनाडिओस यांना धर्मप्रमुख नेमलं. पोपशी हातमिळवणी करायला त्यांचा कडवा विरोध होता, आणि सुलतानाला नेमकं तेच सोयीचं होतं. पुढे आर्मेनियन आणि ज्यू समाजांचेही प्रमुख मानले गेले. १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंना बायेझीद दुसरा याने आसरा दिला. सालोनिका (आजचं ग्रीसमधलं थेस्सालोनिकी) तर ज्यूबहुल शहर झालं.

लग्न, काडीमोड, वारसा, शाळा, दानधर्म हे सगळं ज्याच्या त्याच्या धर्मपीठाकडे. मुसलमानाशी तंटा असेल तर मात्र काझीकडे. गंमत म्हणजे घरच्या धर्मपीठाचा निकाल पटणार नसेल, तर ख्रिस्ती आणि ज्यू लोक आपखुशीनेही काझीचं दार ठोठावत.

याला समानता म्हणता येणार नाही. बिगरमुसलमानांना जिझिया भरावा लागे, नवी चर्च बांधण्यावर निर्बंध होते, मुसलमानाविरुद्ध त्यांची साक्ष काझीपुढे चालत नसे. बाल्कनमधली ख्रिस्ती मुलं तर सक्तीने सुलतानाच्या चाकरीत नेली जात. शिवाय पाठ्यपुस्तकात दिसते तशी आखीवरेखीव ‘मिल्लत व्यवस्था’ मेहमेदच्या काळात नव्हती. तिला तो साचा बराच नंतर, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात मिळाला.

१८५६ च्या फर्मानाने सर्वधर्मीय प्रजेला समान हक्क जाहीर केले. १८६३ मध्ये आर्मेनियन समाजाची स्वतःची घटनाही मंजूर झाली. तोवर मिल्लतींमधूनच राष्ट्रं उभी राहू लागली होती. आज तुर्कीत ‘मिल्लेत’ म्हणजे राष्ट्रच.

लेबनॉन आणि इस्रायलमध्ये लग्नाचा कायदा अजूनही धर्मनिहाय आहे. त्यामुळे तिथली आंतरधर्मीय जोडपी विमानाने सायप्रसला जातात, नोंदणी करतात आणि परततात.