पार्श्वभूमी : चार्ल्स सॅमसन आणि ‘विंग’चा घोळ

चार्ल्स रमनी सॅमसन मूळचा ब्रिटिश नौदलातला. १९११ साली इंग्लंडमधल्या ईस्टचर्चला विमान शिकायला पाठवलेल्या चौघांपैकी एक. विमानं एका हौशी धनिकानं वापरायला दिलेली, शिकवणाऱ्यानंही फी घेतली नाही. १० जानेवारी १९१२ रोजी शीअरनेसपाशी नांगरलेल्या ‘आफ्रिका’ या युद्धनौकेवरून सॅमसननं उड्डाण केलं आणि मे महिन्यात वेमथच्या उपसागरात चालत्या ‘हायबर्निया’वरून. चालत्या जहाजावरून विमान उडण्याची जगातली ही पहिलीच वेळ.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉयल फ्लाइंग कोअर हे ब्रिटिश विमानदल स्थापन झालं होतं. कागदावर त्याच्या दोन ‘विंग’ : एक लष्कराची, एक नौदलाची. नौदलानं मात्र आपल्या विंगला ‘रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस’ म्हणायला सुरुवात केली आणि १ जुलै १९१४ला त्यावर शिक्कामोर्तब करून घेतलं. याला आडमुठेपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. पण पाण्यावरून उडणाऱ्यांच्या गरजा लष्कराला कळत नव्हत्या, हेही तितकंच खरं. गंमत म्हणजे ‘विंग’ शब्द नौदलानं सोडला नाहीच. पूर्वी त्याचा अर्थ अख्खी शाखा असा होता, आता काही स्क्वाड्रनांचा, म्हणजे विमानांच्या तुकड्यांचा, गट असा झाला. फ्लाइट लेफ्टनंट, विंग कमांडर हे हुद्दे नौदलाच्या वैमानिकांचे. आपल्या हवाई दलात आजही तेच चालतात.

पहिल्या महायुद्धात सॅमसननं फ्रान्समधल्या डंकर्कला मोटारींवर चिलखती पत्रे चढवले, मग तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर स्क्वाड्रन नेली. जानेवारी १९१७मध्ये त्याच्या हाताखालची विमानवाहू ‘बेन-माय-क्री’ तुर्की तोफांनी बुडवली.

१ एप्रिल १९१८ रोजी दोन्ही दलं एकत्र करून रॉयल एअर फोर्स झालं आणि नौदलाचे वैमानिक रातोरात लष्करासारखे मेजर, कर्नल झाले. नवे हुद्दे ठरवायला सोळा महिने लागले. नौदलाच्या हुद्द्यांच्या आधी नुसतं ‘एअर’ लावायला नौदलाची हरकत. ‘आर्डियन’सारखे घडवलेले शब्दही सुचवून झाले. शेवटी ऑगस्ट १९१९मध्ये जी यादी आली तिच्यात विंग कमांडर होताच, बाहीवर नौदलाच्या कमांडरसारख्याच तीन पट्ट्या.

त्याच महिन्यात सॅमसननं नौदलातला आपला हुद्दा सोडला आणि हवाई दलात ग्रुप कॅप्टन झाला. जहाजांवरची विमानं नौदलाच्या पूर्ण ताब्यात परत आली ती मे १९३९मध्ये. सॅमसन १९३१मध्येच वारला होता.