लाँगरायफलच्या दस्त्याचा सडपातळपणा

लाँगरायफल ही अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात अठराव्या शतकात घडत गेलेली ठासणीची बंदूक. जर्मनभाषक कारागिरांनी सोबत आणलेली याएगर रायफल आखूड नळीची आणि जाड गोळीची होती. लँकेस्टरच्या परिसरात तिची नळी 42 ते 46 इंचांपर्यंत लांबली, गोळी लहान झाली आणि लहरदार रेषांच्या मेपल लाकडाचा दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत पोचला. याकोब डिकर्टसारख्या कारागिरांच्या मूळ बंदुका हातात घेतल्या की पहिल्यांदा जाणवते ते त्यांचे लाकूड किती कमी आहे हे. आजच्या प्रतिकृतींची पारख याच गुणावर सुरू होते.

प्रतिकृतींचे येथे दोन प्रकार विचारात घेतले आहेत. कस्टम रायफलीत कारागीर अखंड फळीतून दस्ता काढतो. नळी, लॉक (ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा) आणि गजाचे, म्हणजे बार ठासायच्या दांडीचे, भोक यांचे नाते तो स्वतः ठरवतो. सेमी-कस्टम रायफलीत नमुन्याबरहुकूम यंत्रावर कोरलेला दस्ता घेतात, त्यात बाजारात मिळणारे लॉक व नळी बसवतात आणि शेवटचा आकार, पॉलिश, थोडे नक्षीकाम हाताने करतात. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर दुसरी बहुधा ‘जाड’ दिसते. ही जाडी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. ती ठरावीक जागी साचते आणि त्या जागा ओळखता येणे हीच खरी पारख.

सर्वांत महत्त्वाची जागा डोळ्यांना दिसतच नाही. नळीचा तळ आणि गजाचे भोक यांच्यामध्ये लाकडाचा एक पडदा असतो. चांगला कारागीर तो साधारण 1/8 इंच ठेवतो. मागे 1 इंच जाडीची नळी, 1/8 इंचाचा पडदा, 3/8 इंचाचा गज आणि खाली पुन्हा 1/8 इंच लाकूड, असा हिशोब केला तर उंची 1 5/8 इंच भरते. हाच पडदा दुप्पट झाला की लॉकभोवतीचा सगळा भाग खाली ओघळल्यासारखा दिसतो, आणि वरून कितीही कानस चालवली तरी तो सुधारत नाही. पडदा जाड राहण्यामागे आळस नसतो. गजाचे भोक लांब ड्रिलने पाडावे लागते आणि लाकडाच्या रेषा ड्रिलला वाट चुकवतात. शिवाय लॉकचा पुढचा स्क्रू नळी आणि गज यांच्या मधूनच आरपार जातो. कस्टम कारागीर नळीच्या तळाला खाच घासून त्याला वाट करून देतो. अनेक गिऱ्हाइकांसाठी एकाच नमुन्याचे दस्ते कोरणारा माणूस मात्र जास्तीचे लाकूड ठेवून धोका टाळतो. हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत आकाराला मोजावी लागते.

नळीही तितकीच निर्णायक आहे. जुन्या नळ्या बऱ्याचदा मागे जाड, तोंडाच्या अलीकडे पाऊण इंचाच्या आसपास आणि अगदी तोंडाशी पुन्हा किंचित रुंद अशा असत. दस्ता याच वळणाला बिलगून जातो, म्हणून बंदूक वरून पाहताना जिवंत वाटते. सरळ अष्टकोनी नळीला अशी कंबर नसते. तिच्यावर सर्वोत्तम हातानेही पुढचा भाग काठीसारखाच उतरतो. त्या भागात लाकूड नळीच्या बाजूच्या पैलूवर किती वर चढले आहे आणि गज किती उघडा आहे, हेही पाहावे. मूळ बंदुकांत गज खोबणीत साधारण अर्धा बुडालेला असतो आणि लाकडाची कड कागदासारखी नाही, पण बोटाला धारदार लागावी इतकी पातळ असते.

लॉकभोवतीची सपाट पट्टी हे तिसरे ठिकाण. ती अरुंद असली, तिच्या कडा मागे मनगटात (दस्त्याच्या हाताने धरायच्या बारीक भागात) विरघळत गेल्या, तर रायफल हलकी दिसते. रुंद पट्टी आणि त्यामागे गोल, भरीव मनगट दिसले की यंत्राने सोडलेले लाकूड तसेच राहिले असे समजावे. मनगट मात्र बेदरकारपणे तासू नये. अनेक जुन्या बंदुका नेमक्या तिथेच मोडून पुन्हा जोडलेल्या आढळतात. तिथे लाकडाच्या रेषा मनगटाच्या दिशेने धावत नसतील तर बारीकपणा हा दोषच.

काळाचे भान नसले तर निवाडा चुकतो. 1760 च्या सुमाराची रायफल दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाला, म्हणजे बुडाशी, 2 इंच रुंद असू शकते. 1800 नंतरची पुष्कळ अरुंद होते, आणि दक्षिणेच्या डोंगराळ भागातल्या लोखंडी साजाच्या बंदुका तर अगदीच शेलाट्या. म्हणून सुरुवातीच्या शैलीच्या प्रतिकृतीला रुंद बूड दिसताच नावे ठेवणे अन्यायाचे आहे. तिचा पुढचा भाग तरीही बारीकच असायला हवा.

फोटोवर फार विसंबू नये. 44 इंची नळी कोणत्याही दस्त्याला सडपातळ भासवते आणि जवळून घेतलेला फोटो लॉकचा भाग फुगवतो. खालून व वरून घेतलेली चित्रे मागावीत, कॅलिपरची मापे मागावीत. 1933 साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन’चे मेळावे अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी भरतात, तिथे बंदूक खांद्याला लावून पाहता येते, आणि हाताला जे कळते ते मापांनाही कळत नाही.

संगणकनियंत्रित यंत्रांनी आता ही सीमारेषा पुसट केली आहे. जिम किबलर या अमेरिकी कारागिराच्या, स्वतः जोडायच्या रायफल-संचांत लॉक, नळी आणि भोक यांचे नाते आधीच घट्ट बसवलेले असते, त्यामुळे पडद्याची जाडी कारागिराच्या भीतीवर अवलंबून राहत नाही. जुन्या पद्धतीचा कोरलेला दस्ता हाती असेल तर नळीच्या कडेचे लाकूड, लॉकची पट्टी, मनगटाच्या बाजू आणि दस्त्याचे गाल सावकाश उतरवता येतात; तेवढ्यानेही बंदूक ओळखू येणार नाही इतकी बदलते. गजाचे भोक मात्र जिथे पडले तिथेच राहते.