नोटरीचा भाडेकरार आणि नोंदणीकृत भाडेकरार: एकच समजू नका

कोल्हापुरात मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास, म्हणजे शाहूपुरीत किंवा स्टेशन रोडला, भाड्याचा फ्लॅट मिळणं अवघड. एसटी, केएमटीची शहर बस, रेल्वे सगळं चालत गाठता येतं, त्यामुळं शिरोली एमआयडीसीला जाणाऱ्यापासून रोज सांगली-इचलकरंजी करणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नजर इथंच. फ्लॅट हातचा जाईल या धास्तीनं माणूस एजंट देईल त्या कागदावर सही करतो. शंका काढली तर उत्तर ठरलेलं: "पावणं, नोटरी झाली की! आता काय राह्यलं?"

नोंदणी राहिली.

नोटरीच्या करारावर लाल गोल शिक्का असतो, नोटरीचं तिकीट (स्टॅम्प) असतं, नोटरीच्या रजिस्टरचा नंबरही असतो. दिसायला कागद भारदस्त. पण त्यानं सिद्ध काय होतं, तर अमुक माणसांनी नोटरीसमोर सह्या केल्या, एवढंच. दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, दप्तरी त्याची नोंद नसते.

नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठराविक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा नेहमीचा भाडेकरार, सरकारी दप्तरी चढतो. त्याला दस्त क्रमांक मिळतो. मालक, भाडेकरू आणि साक्षीदारांचे फोटो, अंगठ्यांचे ठसे त्यात असतात. आता आधार आणि अंगठ्याच्या मशीनवर हे काम घरबसल्या होतं. पासपोर्टला पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर तो असाच लागतो.

"११ महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" हा गैरसमज तर घट्ट बसलाय. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यातून तो आला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नं मुदत कितीही असो, लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची केली. जबाबदारी मालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाच्या गळ्यात. मालक कुरकुरायला लागले तर हे त्यांना नीट समजावून सांगा, त्यांच्याच फायद्याचं आहे.

खर्चाचा बाऊही नको. महिना १०,००० भाडं, ५०,००० परतीचं डिपॉझिट, मुदत वर्षाची. एकूण भाडं १,२०,००० आणि डिपॉझिटवर फक्त शुल्काच्या हिशेबापुरतं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ५,०००. या सव्वा लाखावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे तीनशेच्या थोडं वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटची दलाली याहून कितीतरी जास्त असते.

आणि काही मालक डिपॉझिट रोख घेऊन करारात कमी दाखवायला सांगतात, "स्टॅम्प वाचतो" म्हणून. वरच्या हिशेबात पूर्ण ५०,००० लपवले तरी वाचतात साडेबारा रुपये. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि पूर्ण रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक करारात लिहून घ्या.