न्यूट्रल आणि अर्थिंग: टेस्टरला सारखे, सॉकेटमध्ये वेगळे

नौपाडा, कोपरी किंवा वाशीतल्या जुन्या इमारतींत हे काम हमखास निघतं: बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी नवं सॉकेट काढायचं. जवळच्या बोर्डात फेज सापडतो, न्यूट्रल सापडतो, पण अर्थिंगची हिरवी तार नसते. मग काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या टर्मिनलमधून वायरचा बोटभर तुकडा काढून अर्थिंगच्या टर्मिनलला जोडून देतात. याला जंपर मारणं म्हणतात. मशीन चालू होतं, कुणाची तक्रार नसते. हा तुकडा जीव घेऊ शकतो, म्हणून हे लिहितोय.

गोंधळ का होतो ते समजण्यासारखं आहे. टेस्टर फेजवर पेटतो. न्यूट्रलवर पेटत नाही आणि अर्थिंगवरही नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीतल्या अर्थिंगला जोडलेला असतोच. त्यामुळे “शेवटी दोन्ही एकच हो काका” हे पटकन पटतं.

पण घरात दोघांची कामं वेगळी. फेजमधून आलेला करंट मशीनमधून जाऊन न्यूट्रलवाटे परत फिरतो. मशीन चालू असताना न्यूट्रलमधून फेजइतकाच करंट वाहतो. अर्थिंगच्या तारेतून एरवी काही वाहता कामा नये. ती मशीनच्या पत्र्याला जोडलेली असते. आत कुठे फेज पत्र्याला टेकला, तर तो करंट जमिनीकडे न्यायचा आणि एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पुरवठा तोडणारा स्विच) पाडायची, एवढ्यासाठी ती असते.

आता जंपरवालं सॉकेट बघा. बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला किंवा मीटर रूममधला जोड जळाला. मशीन बंद पडलं. फेज मात्र मोटरपर्यंत येतोच आहे. मोटरमधून तो न्यूट्रलच्या पिनेवर, तिथून जंपरवाटे अर्थिंगच्या पिनेवर आणि तिथून सरळ पत्र्यावर. बंद पडलेल्या मशीनचा पत्रा २३० व्होल्टवर गेला, आणि काय झालं ते बघायला घरातलं माणूस ओल्या लादीवर उभं राहून त्यालाच हात लावणार. दुसरी शक्यता याहून वाईट: मागे कुठे तरी दुरुस्तीत फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर काहीही न तुटता पत्र्यावर थेट फेज.

“पण फेज पत्र्याला लागला तर जंपरमुळे एमसीबी पडते की,” असं सांगितलं जातं. न्यूट्रल शाबूत असेल तोवर हे खरं आहे. तो तुटला की वर सांगितलेलं घडतं, आणि तेव्हा मधे फक्त आरसीसीबी उरते, घरात असली तर. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडेल, पण करंट माणसाच्या अंगातून जायला लागल्यावर. याउलट जिथे खरं अर्थिंगही आहे आणि जंपरही, तिथे परतीचा थोडा करंट अर्थिंगकडे वळतो आणि आरसीसीबी सारखी पडते. मग कुणी तरी वैतागून तीच बायपास करतं. ते तर अजिबात होऊ देऊ नका.

जंपर बाहेरून ओळखू येत नाही. फेज आणि अर्थिंगच्या पिनेमध्ये बल्ब लावून बघितला तर तो लख्ख पेटतो, कारण करंट न्यूट्रलमधूनच परतत असतो. खात्रीचा मार्ग म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करून, उपकरणं काढून, वायरमनकडून प्लेट उघडून घेणं. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या टर्मिनलमध्ये मल्टिमीटरनं कंटिन्युइटी (सलग जोड असल्याची खूण) मिळाली, तर घरात कुठे तरी ते दोन्ही जोडलेले आहेत.

नवीन सॉकेट हा वायरिंगमधला वाढीव भाग आहे. बल्ब किंवा बिघडलेला स्विच बदलणं वेगळं. वाढीव काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. त्याला सांगा: अर्थिंगची तार डीबीच्या (घरातल्या एमसीबींच्या मुख्य बोर्डाच्या) अर्थ पट्टीपासून ओढा, हिरवी किंवा हिरवी-पिवळी, फेजच्या तारेइतकीच जाड, मधे कुठेही स्विच नको. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग.

डीबीतच अर्थिंग नसेल, तर प्रश्न तुमच्या फ्लॅटपुरता राहत नाही. मीटर रूममधली अर्थिंगची पट्टी गंजलेली असते, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तेही कमिटीत कुणाला ठाऊक नसतं. अशा वेळी सोसायटीला लेखी पत्र द्या. अर्थ टेस्टरनं अर्थिंगची मोजणी करून घ्यायची आणि मीटर रूमपासून प्रत्येक घरापर्यंत अर्थिंगची तार आणायची, अशी मागणी त्यात स्पष्ट लिहा. रीडेव्हलपमेंट होणारच आहे म्हणून हे पुढे ढकललं जातं. त्यात वर्षं जातात आणि मशीन रोज चालू असतं. तार येईपर्यंत डीबीत आरसीसीबी बसवून घ्या, आणि धातूच्या अंगाचं कुठलंही उपकरण त्या नव्या सॉकेटला लावू नका.